रब्बी नाखमान यांच्या कथा वाचायला घेताना

हसिदी कथांची, म्हणजे अठराव्या शतकात पूर्व युरोपात उदयाला आलेल्या ज्यू भक्तिपंथाच्या कथांची, सुरुवात आपण युक्रेनमधील ब्रेस्लाव्हचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) नाखमान (1772–1810) यांच्या हरवलेल्या राजकन्येच्या कथेपासून करावी. 1806 पासून त्यांनी यिडिश या पूर्व युरोपातील ज्यूंच्या भाषेत सांगितलेल्या तेरा मोठ्या कथा त्यांचे शिष्य नाथान यांनी लिहून काढल्या आणि 1815 मध्ये त्या वर हिब्रू, खाली यिडिश अशा रूपात छापल्या गेल्या.

राजकन्या म्हणजे शेखिना, अर्थात निर्वासित झालेले ईश्वरी सान्निध्य, हा उलगडा बरोबर आहे; मात्र वाचनाच्या आरंभीच तो हाती धरल्यास कथा कोड्यासारखी सुटते आणि संपते, म्हणून आधी राजकन्येच्या शोधात निघालेल्या राजाच्या प्रधानाच्या मागोमाग चालावे. तिला सोडवण्यासाठी वर्षभर तिचा ध्यास घेऊन अखेरच्या दिवशी उपवास पाळायचा असताना तो सफरचंद खातो आणि झोपी जातो. पुढच्या खेपेस अट सौम्य होते, केवळ मद्य वर्ज्य असते, तरी मद्याच्या वासाचा झरा पाहून तो मोहात पडतो व सत्तर वर्षे झोपतो. राजकन्या मात्र अश्रूंनी रुमालावर निरोप लिहून त्याच्याजवळ ठेवते. इथे रेंगाळावे, कारण जागा झालेला प्रधान हताश न होता पुन्हा शोधास निघतो आणि निराशेला थारा न देण्याची रब्बींची शिकवण उपदेशाविना उमटते.

या कथांच्या पार्श्वभूमीसाठी गॅलिलीतील सफेद या गावचे ज्यू गूढवादी इसहाक लुरिया (1534–1572) यांची, ईश्वरी प्रकाशाची भांडी फुटून त्याच्या ठिणग्या जगभर विखुरल्याची कल्पना थोडक्यात समजून घेतलीत तरी पुरे. जाडजूड भाष्ये सध्या बाजूला ठेवावीत. सात भिकाऱ्यांची अपूर्ण कथा मात्र शेवटी वाचावी, आणि शक्यतो मोठ्याने.