पीएचडीचे विद्यार्थी विभागातल्या संशोधकांना पेटंट आणि तंत्रज्ञान हस्तांतरणाकडे कसे वळवू शकतात?

भाषणं ठेवू नका, कोणी फिरकत नाही. लॅबच्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये १० मिनिटं मागून घ्या आणि विचारा: पुढच्या ३ महिन्यांत कोणाचा पेपर, पोस्टर किंवा खुला व्हायव्हा आहे? घोळ तिथेच होतो. आधी छापलं की पेटंटसाठी लागणारं नावीन्य गेलं. भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३१ची सवलत (आधी जाहीर झालं तरी १२ महिन्यांत अर्ज करता येतो) मोजक्याच प्रसंगांना लागू होते, युरोपात तर जवळपास नाहीच. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) चढलेला प्रबंधही प्रसिद्ध झाला असंच धरतात. हे भल्याभल्या गाइडांच्या ध्यानात नसतं.

ज्याचं नाव निघेल त्याच्या शेजारी बसून आयपी सेलचा (संस्थेतल्या पेटंटचं काम बघणाऱ्या कक्षाचा) डिस्क्लोजर फॉर्म, म्हणजे शोधाची माहिती देणारा फॉर्म, भरा: जुन्या पद्धतीपेक्षा वेगळं काय, पैसा कोणत्या प्रकल्पाचा, कल्पना कोणाची. नुसत्या आदरापोटी कोणाचं नाव शोधकांत घालू नका, पुढे हक्काचे वाद होतात.

फॉर्म २८ (शिक्षणसंस्था म्हणून फीत सवलत मागण्याचा फॉर्म) जोडला तर शिक्षणसंस्थेला ऑनलाइन प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, पेटंट अर्जाची फी १६०० रुपये पडते. पण त्यात दोन ओळी खरडून भागत नाही. जे लिहिलेलं नाही त्याला त्या अर्जाची तारीख मिळत नाही. १२ महिन्यांत पूर्ण तपशील दिला नाही, तर अर्ज सोडून दिला असं समजतात. म्हणून ९व्या महिन्याचा रिमाइंडर आजच लावा.