सुरीच्या लाकडी मुठीला आलेल्या चिरा कितपत धोक्याच्या आहेत?

मुठीवर लाकडाच्या तंतूंच्या दिशेने उमटलेल्या केसासारख्या बारीक रेषा बहुधा नैसर्गिकच असतात. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. मात्र वाळताना ते लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवे आटते, आणि त्यातही वार्षिक वलयांच्या दिशेने होणारे आटणे हे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतील आटण्याच्या साधारण दुप्पट असते. या असमान ताणामुळे मूठ उभी तडकते. म्हणूनच सुरी पाण्यात भिजत ठेवणे आणि मग कडक उन्हात वाळवणे कटाक्षाने टाळावे.

चीर उथळ असल्यास मूठ सावलीत पूर्ण सुकवून तिला कच्चे जवसाचे तेल पातळ चोळावे व जादा तेल पुसून घ्यावे. हे तेल हवेत घट्ट होते. शेंगदाण्याचे तसे होत नाही. तेलाचे फडके मात्र पसरूनच वाळवावे, कारण चुरगळून ठेवल्यास ते आपोआप पेटू शकते.

चीर रिव्हेटपासून, म्हणजे मूठ पात्याला जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यापासून, टोकापर्यंत गेली असेल किंवा दाबल्यावर तिच्या कडा हलत असतील, तर मूठ बदलून घ्यावी, कारण आत अन्नाचे कण साचतात आणि पात्याची पकडही सैल होते.