कानोसा : आईचं जातं पॉडकास्टमध्ये चालेल का?

*ताई, मित्राबरोबर गप्पांचे पाच भाग केले. ऐकणारे आम्ही दोघं आणि त्याची बायको. आता कंटाळा आलाय. मला खरं तर आवाज साठवायला आवडतात. पत्र्यावरचा पाऊस, वाशिष्ठीचं पाणी, आई जात्यावर कुळीथ भरडते ती घरघर. २०२१च्या पुरात बाबांच्या आवाजाच्या कॅसेटी गेल्या, तेव्हापासून हे खूळ लागलंय. पण नुसत्या आवाजांना कुणी पॉडकास्ट म्हणेल का? आणि आईला 'ओवी म्हण' म्हटलं की फोन बघून ती गप्प होते.*
*– एक वाचक, चिपळूण*

म्हणेल की! पॉडकास्ट हे पोचवायच्या रीतीचं नाव. आत गप्पाच हव्यात असा दंडक कुणी घातलेला नाही. आणि तुमचं खूळ चांगलं पाऊणशे वर्षांचं जुनं आहे. १९४८ साली पिएर शेफर नावाच्या फ्रेंच रेडिओतल्या इंजिनियरनं पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात जाऊन आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. मग त्यांचेच तुकडे एकापुढे एक लावून, पुन्हापुन्हा वाजवून त्यानं एक रचना केली आणि ती रेडिओवरून ऐकवली. टेपसुद्धा नव्हती हाताशी. मी मिरजेची. ते ऐकताना दर वेळी वाटतं, आमच्या पंढरपूरच्या नॅरोगेजचा आवाज असा कुणी धरून ठेवायला हवा होता.

आता जातं. आधी ओवी मागणं सोडा. खुंट्यावर हात फिरायला लागला की ओवी येते, फोन पुढे धरला की जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॉ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात वर्षंच्या वर्षं गेली. तुम्हाला एकाच बाईकडे जायचंय, तेही स्वतःच्या घरात. घाई कसली?

फोन जात्याला टेकवू नका, दणके बसतात. हातभर लांब, दुमडलेल्या गोधडीवर ठेवा. विमान मोड लावा. आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करता येईल असं ॲप घ्या, नाहीतर आई जात्यात मूठभर दाणे घालायला थांबली की फोन आपणहून आवाज चढवतो आणि शेजारचा टीव्ही आत येतो. पंखा बंद, फ्रिजही बंद. आणि फ्रिजमध्ये गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे तो परत चालू करायचं विसरणार नाही. (माझं एकदा दूध नासलं, तेव्हा ही युक्ती अंगवळणी पडली.) विजेची ५० हर्ट्झची गुणगुण नंतर गाळता येते, पण तिच्याबरोबर जात्याची खर्जातली घरघरही थोडी जाते. त्यापेक्षा ती मुळात येऊच न दिलेली बरी.

ध्वनिमुद्रण सुरू केलं की तुम्ही बाजूला व्हा. आई उठली तरी लगेच बंद करू नका. रिकाम्या खोलीचं मिनिटभर घ्या. पुढे दोन तुकडे जोडताना मध्ये तीच शांतता घालावी लागते. ती नसली तर सांधा कानाला खटकतो. तारीख आणि जागा अगदी शेवटी बोला.

तोंड बंद ठेवणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. आमच्या सतारमेकर गल्लीत एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तार नीट झणझणावी म्हणून तिच्याखालची घोडी घासत होते. घोडीवर कानस फिरे, मग तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. चाळीस मिनिटं मी घेतली. घरी येऊन ऐकते तर प्रत्येक छेडीवर माझं "अच्छा… हो का… वा!" तार विरायच्या आत मी हजर. एकही तुकडा धड निघाला नाही. तेव्हापासून मुद्रणाला बसताना तोंडात लवंग धरते.

आणि पूर बघितलेल्या माणसाला काय सांगायचं, पण प्रती तीन ठेवा. त्यातली एक चिपळुणाबाहेर.

*जुन्या सिनेगीताचे दहा सेकंद सुरुवातीला लावले तर चालतात ना?*
*– एक वाचक, नाशिक*

नाही. दहा सेकंदांची सूट कायद्यात नाही, ती फक्त आपल्या गप्पांत आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, शब्द आणि चाल यांचा कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी गीतकार-संगीतकारांचा हक्क उरलेला असू शकतो. त्यापेक्षा पिएझोची चकती आणा, म्हणजे वस्तूची थरथर पकडून तिचा आवाज देणारी; पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. दोन तारा सोल्डर करून घ्या आणि ती चकती कपडे वाळत घालायच्या तारेला घट्ट बांधा. तारा रेकॉर्डरच्या साध्या माइकच्या सॉकेटात जोडल्या तर आवाज चिरका येतो, गिटारसाठी असलेल्या सॉकेटात खर्जही मिळतो. मग तार छेडा. मिरजेत राहून सांगते, सुरुवातीच्या दहा सेकंदांसाठी याहून काही लागत नाही.

*किती श्रोते असले म्हणजे हा छंद चालू ठेवावा?*
*– एक वाचक, इचलकरंजी*

माझे ३४ होते. गेल्या महिन्यात ३३ दिसले. दोन दिवस उगाच जीव खाल्ला, शेवटचा भाग तीनदा ऐकला, त्यातला बेडकांचा तुकडा लांबला का म्हणून. मग धाकट्या नणंदेला फोन केला. म्हणाली, "अगं वहिनी, फोन बदललाय. येशील तेव्हा परत जोडून दे."