कार्पेट लॉनच्या कामाचा भाव कसा काढावा?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंदूरमध्ये माझी छोटी रोपवाटिका आहे आणि अलीकडे मी बंगल्यांच्या बागांची कामेही अंगावर घेतो. बायपासलगतच्या एका नव्या वसाहतीत २,००० चौरस फुटांची कार्पेट लॉन (तयार गवताचे तुकडे अंथरून केलेली हिरवळ) करून देण्याचे काम आले आहे. जमीन काळी असून वरच्या थरात बांधकामाचा राडारोडा मिसळलेला आहे. पुढचे अंगण १,२०० चौरस फूट आणि मागचे ८०० चौरस फूट आहे. मागे गोलाकार वाफे आहेत आणि तिथे जायला घराशेजारची जेमतेम तीन फुटांची गल्ली आहे. 'सिलेक्शन नंबर १' गवत मला साइटवर पोहोच १२ रुपये फुटाने पडते. मजूर ६०० रुपये व माळी ९०० रुपये रोज घेतो. गोदामाचे भाडे, गाडी, अवजारे वगैरे वर्षाचा बांधील खर्च सुमारे ३,६०,००० रुपये आहे आणि वर्षातून १८० दिवस प्रत्यक्ष काम मिळते. मी फोनवर ४२ रुपये फूट भाव सांगितला, तर दुसऱ्या ठेकेदाराने ३६ रुपयांत काम करण्याची तयारी दाखवली. मी भाव उतरवावा का, आणि मुळात भाव काढण्याची योग्य पद्धत कोणती?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपण भाव उतरवू नये. खालचा हिशेब पाहिल्यावर फोनवर सांगितलेला ४२ रुपयांचा भावही नम्रपणे मागे घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फुटाचा दर हा हिशेबाच्या अगदी शेवटी येतो. तो आधी सांगून मग त्यात काम बसवायला गेले, की कापाकापी नेहमी मातीतच होते, कारण गवत गिऱ्हाइकाला दिसते आणि माती दिसत नाही.

सुरुवात मोजमापापासून करावी. बिल्डरच्या नकाशावर विसंबू नये. स्वतः टेप लावून जागेचे आयत, त्रिकोण आणि वर्तुळखंड पाडावेत, त्यातून फरशी, वाफे आणि झाडांची आळी वजा करावीत. आपले २,००० चौरस फूट असे मोजलेले आहेत, असे मी धरतो. सरळ कडांच्या जागेला पाच टक्के गवत जादा मागवले तरी पुरते, पण गोलाईच्या कडांना कापण्यात दहा टक्क्यांपर्यंत वाया जाते. आपल्याकडे दोन्ही आहे, म्हणून आठ टक्के धरू. म्हणजे २,१६० फूट गवत आणि त्याचे २५,९२० रुपये. गवताचा हिशेब एवढाच. आपल्याला आणि आपल्या प्रतिस्पर्ध्याला ते रुपया-दोन रुपयांच्या फरकाने सारख्याच भावात मिळणार आहे, त्यामुळे दोन कोटेशनांमधला खरा फरक गवतात शोधू नये.

तो फरक मातीत आहे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि मे महिन्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात सिमेंट, विटांचे तुकडे आणि चुना मिसळलेला असला, तर त्यावर नुसते गवताचे तुकडे अंथरून पाणी मारलेली लॉन महिनाभर सुंदर दिसते. पुढे मुळे खाली उतरत नाहीत, पावसात जागोजाग पाणी साचते आणि पिवळे पट्टे पडू लागतात. काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळली की निचरा सुधारतो, असा समज सर्वत्र आहे, पण तो चुकीचा आहे. इतक्या थोड्या वाळूने चिकणमातीचा पोत बदलत नाही. वरचा राडारोड्याचा थर काढून टाकून त्या जागी पोयट्याची माती, वाळू आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

आता आकडे मांडू. चार इंच थर काढायचा म्हणजे २,००० फुटांवर सुमारे ६६७ घनफूट माती निघते. खोदलेली माती जवळजवळ चतुर्थांशाने फुगते, म्हणून ती ८३५ घनफुटांच्या आसपास जाते. १०० घनफुटांच्या ट्रॉलीने नऊ फेऱ्या होतात आणि फेरीला ७०० रुपये धरले, तर ६,३०० रुपये लागतात. भरण्याची माती दबते, म्हणून ६६७ घनफूट भरायला ८०० घनफूट सैल माल आणावा लागतो. पोयट्याच्या पाच ट्रॉल्या १,८०० रुपयांप्रमाणे, वाळूची एक ट्रॉली ५,५०० रुपयांना आणि शेणखताच्या दोन ट्रॉल्या ३,००० रुपयांप्रमाणे धरल्या, तर २०,५०० रुपये होतात. हे ट्रॉलीचे दर मी उदाहरणासाठी घेतले आहेत. आपण त्या आठवड्यातला प्रत्यक्ष दर विचारूनच आकडा भरावा, कारण वाळूचा भाव पावसाळ्यात वर चढतो. भरणी करताना मातीची अंतिम पातळी फरशीच्या कडेपेक्षा इंचभर खाली राहिली पाहिजे, म्हणजे गवत बसल्यावर दोन्ही समपातळीत येतात. घराच्या जोत्यापासून बाहेरच्या दिशेला शंभर फुटांत एक ते दोन फूट असा उतारही हवा.

मजुरीचा अंदाज घेताना ती तीन फुटांची गल्ली विसरू नका. तिथून ट्रॉली जाणार नाही, सगळी माती घमेल्याने न्यावी लागेल. एका घमेल्यात साधारण अर्धा घनफूट माती मावते, म्हणजे एका ट्रॉलीला दोनशे फेऱ्या झाल्या. मागच्या ८०० फुटांसाठी तीन-साडेतीन ट्रॉल्या आत न्यायच्या आणि जवळपास तेवढ्याच बाहेर काढायच्या आहेत. एवढ्यासाठीच मी मजुरांचे सहा रोज वेगळे धरले आहेत. खोदाई व भरणीला बारा, माती पसरून पातळी करण्याला चार आणि गवत लावण्याला चार, असे एकूण २६ रोज होतात. त्यांचे १५,६०० आणि माळ्याच्या पाच दिवसांचे ४,५०० रुपये धरून मजुरी २०,१०० रुपयांवर जाते. खत, औषध आणि रोलरचे भाडे ३,०००, अवजारांची ने-आण २,५०० आणि पहिल्या कापणीपर्यंत माळ्याच्या देखभालीचे ३,००० रुपये. या सर्वांची बेरीज ८१,३२० रुपये होते.

इथेच थांबून आपला ४२ रुपयांचा भाव पाहा. त्यातून ८४,००० रुपये येतात. म्हणजे गोदामाचे भाडे, गाडी, आपला स्वतःचा वेळ आणि वाळलेले तुकडे बदलण्याची जोखीम, या सगळ्यांसाठी २,६८० रुपये उरतात.

बांधील खर्च कामावर वाटण्याची सोपी रीत अशी की, वर्षाच्या ३,६०,००० रुपयांना १८० दिवसांनी भागावे. दिवसाला २,००० रुपये येतात. हे काम आपली टोळी सात दिवस अडकवणार आहे, म्हणून त्याच्यावर १४,००० रुपये टाकावेत. अनपेक्षित गोष्टींसाठी ३,००० रुपये धरावेत. एकूण खर्च ९८,३२० रुपये झाला. आता नफा. पंधरा टक्के नफा हवा म्हणून बहुतेक जण खर्चावर पंधरा टक्के चढवतात आणि १,१३,०६८ रुपये मागतात, पण त्या रकमेवर नफा तेरा टक्केच पडतो. बिलाच्या रकमेवर पंधरा टक्के हवे असतील, तर खर्चाला ०.८५ ने भागावे लागते. उत्तर येते सुमारे १,१५,७०० रुपये, म्हणजे फुटाला ५८ रुपये. वर्षभरात अशी दहा-बारा कामे घेतली, तर या एका भागाकाराने पंचवीस-तीस हजारांचा फरक पडू शकतो.

मग दुसरा ठेकेदार ३६ रुपयांत कसे करतो? तो लबाडच असेल असे नाही. माती काढणे, माती आणणे आणि त्यापायी लागणारे मजुरांचे २२ रोज वजा केले, तर याच कामाचा थेट खर्च ४१,३२० रुपयांवर येतो आणि ७२,००० रुपयांत त्याला चांगले पैसे सुटतात. तो वेगळे काम विकत आहे, एवढेच. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगणे आपल्या हातात आहे. कोटेशनमध्ये नुसता एक दर न लिहिता राडारोडा किती इंच काढणार, कोणती माती किती ट्रॉल्या येणार, गवताची जात कोणती, कापणी कोणी करायची, हे सर्व वेगवेगळे लिहावे. मग घरमालक स्वतःच दुसऱ्याला विचारतो, 'तुमच्या भावात माती आहे का?' घरमालकाजवळ ७२,००० रुपयेच असतील, तर मातीचा थर कमी करण्याऐवजी क्षेत्र कमी करावे. पुढचे १,२०० फूट या वर्षी नीट करावे आणि मागची बाजू पुढच्या पावसाळ्यावर ठेवावी. मागचा भागच गल्लीमुळे महाग पडतो, त्यामुळे ही विभागणी दोघांनाही परवडते.

दोन गोष्टी कोटेशनमध्ये आवर्जून याव्यात. पहिली पाणी. नव्या लॉनला पहिले तीन आठवडे दिवसाला सरासरी आठ मिलिमीटर पाणी धरले, तर २,००० फुटांना रोज सुमारे १,५०० लिटर लागते. तीन आठवड्यांचे ते तीस हजार लिटरच्या पुढे जाते, म्हणजे ५,००० लिटरचे सहा-सात टँकर. इंदूरच्या अनेक वस्त्यांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि बायपासकडच्या वसाहती बोअरवेल व टँकरवर चालतात. म्हणून पाण्याचा खर्च कोणाचा, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरले पाहिजे. दुसरी गोष्ट लव्हाळ्याची, म्हणजेच मोथ्याची. त्याच्या गाठी काळ्या मातीत खोलवर असतात आणि बाहेरून आणलेल्या मातीतूनही येतात. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने २०२२ मध्ये परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे, त्यामुळे माळ्याच्या हाती फवारा देऊन मोकळे होता येत नाही. गाठी हाताने वेचून काढण्याची मजुरी धरावी. काम उन्हाळ्यात असेल, तर जमीन भिजवून चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिकखाली तापवून घ्यावी. त्याने इतर तणांचे बी बरेचसे मरते, पण मोथ्याच्या खोल गाठी मात्र तग धरतात. मोथा पुन्हा उगवणारच नाही, असे लेखी आश्वासन कधीही देऊ नये.

प्रश्न : गिऱ्हाईक लॉनची एक वर्षाची गॅरंटी मागतात आणि पैसे मात्र काम संपल्यावर देऊ म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : वर्षभराची गॅरंटी देऊ नये. गवत मुळे धरेपर्यंतची जबाबदारी आपली आहे आणि त्यासाठी चांगल्या हंगामात दोन ते तीन आठवडे पुरतात. लॉनचा कोपरा हाताने हलकेच वर ओढून पाहावा. तो जमिनीला चिकटून राहिला, म्हणजे मुळे उतरली. त्यानंतर पाणी, कापणी आणि वापर मालकाच्या हाती असतो, त्याचा भार ठेकेदाराने घेणे अन्यायाचे आहे. तेव्हा 'पहिल्या कापणीपर्यंत वाळलेले तुकडे विनामूल्य बदलून देऊ, मात्र ठरल्याप्रमाणे पाणी दिलेले असले पाहिजे' असे लिहून द्यावे. पहिल्या कापणीत पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हेही त्याच कागदावर असावे. वर्षभराची हमी हवीच असेल, तर महिन्याचा देखभालीचा वेगळा करार करावा, कारण तेव्हा पाणी आणि कापणी आपल्या ताब्यात येते.

पैशांबाबत मी ठाम आहे. कापलेले गवत नाशवंत माल आहे. ते चोवीस तासांच्या आत, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, जमिनीवर लागले पाहिजे. गाडी दारात उभी असताना पैशांची बोलणी करण्याची वेळ येऊ देऊ नये. चाळीस टक्के रक्कम काम ठरताना, चाळीस टक्के माती तयार झाल्यावर पण गवताची मागणी देण्यापूर्वी आणि उरलेली वीस टक्के पहिल्या कापणीनंतर, अशी वाटणी दोन्ही बाजूंना न्याय्य आहे. शेवटची वीस टक्के रक्कम मालकाच्या हातात असते, म्हणून त्यालाही विश्वास वाटतो.

प्रश्न : अडीचशे फुटांच्या अंगणासाठीही मी मोठ्या लॉनचाच दर लावतो, पण हाती काहीच उरत नाही. असे का होते?
– एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : कारण पाहणीची खेप, अवजारांची ने-आण, रोलरचे भाडे आणि पहिल्या कापणीची खेप हे खर्च अंगण लहान असले म्हणून फारसे कमी होत नाहीत. गवताच्या छोट्या मागणीवर गाडीभाडेही फुटामागे जास्त बसते. आपली टोळी एकदा घराबाहेर पडली की दिवस गेलाच, असे धरून कामाची एक किमान रक्कम ठरवावी आणि ठरावीक क्षेत्राच्या खाली फुटाचा दर सांगूच नये. त्याच वसाहतीत शेजारच्या दोन-तीन घरांची अंगणे एकाच आठवड्यात घेता आली, तर ती किमान रक्कम कमी करायला हरकत नाही. मात्र ही सवलत सर्व मालकांनी आगाऊ रक्कम दिल्यानंतरच लागू करावी, कारण एकाने ऐनवेळी माघार घेतली, तर त्याच्या वाटणीचे गाडीभाडे आपल्याच अंगावर पडते.