पहिल्यांदाच मोनार्क फुलपाखराच्या अळ्या वाढवताय? मग आधी पानांचं बघा

अळ्या घरात आणण्याआधी मिल्कवीडची सोय करा. रुईच्या कुळातली ही झाडं सोडून मोनार्कची अळी दुसरं काहीच खात नाही. शेवटच्या चार-पाच दिवसांत तर ती इतकं खाते, की माझी पानं संपून ऐन वेळी धावपळ झाली होती. म्हणून सुरुवातीला तीन-चारच अळ्या घ्या. विकतच्या रोपावर कीटकनाशक मारलेलं नाही, याची खात्री केल्याशिवाय एकही पान देऊ नका. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात लगेच धुवा.

लेंड्या रोज काढा. ओल राहिली की बुरशी आणि रोग आलेच. अळी एकाच जागी गप्प बसली तर आजारी समजून हलवू नका. बहुधा ती कात टाकत असते. असं पाच वेळा होतं, शेवटच्या वेळी आतून कोशच निघतो. त्याआधी ती डब्याच्या छताला उलटी लटकते, तेव्हा डब्याला धक्कासुद्धा नको.

कोशातून फुलपाखरू साधारण 8 ते 15 दिवसांत येतं. आदल्या दिवशी कोश काळपट होऊन आतले नारिंगी पंख दिसू लागतात. बाहेर आल्यावर लालसर थेंब पडतात, ते रक्त नव्हे. पंख चुरगळलेले असतात. ते लटकून सुकायला खाली मोकळी जागा आणि काही तास हवेत. कितीही मोह झाला तरी तोवर हात लावू नका. ऊन असेल तेव्हा बाहेर सोडा.