ॲक्युरेट आणि प्रिसाइज: दोन्हीला 'अचूक' म्हणून भागत नाही

प्रश्न असा आलाय की एका इंग्रजी लेखात 'द मेझरमेंट्स वेअर प्रिसाइज बट नॉट ॲक्युरेट' असं वाक्य आहे, डिक्शनरीत दोन्ही शब्दांपुढे 'अचूक' दिलंय, मग मराठीत 'मोजमापं अचूक होती पण अचूक नव्हती' असं लिहायचं का? अजिबात नाही. मी लिहीन, 'मोजमापं एकमेकांशी तंतोतंत जुळत होती, पण खऱ्या मापापासून लांब होती.' वाक्य थोडं लांबतं, पण अर्थ पूर्ण येतो.

ॲक्युरेट म्हणजे खऱ्या किमतीच्या जवळ. प्रिसाइजला खऱ्याखोट्याशी देणंघेणं नाही, पुन्हा पुन्हा मोजलं तर तेच उत्तर येतं का आणि किती बारकाईने येतं एवढंच. थर्मामीटर घ्या. ताप खरा ३९.० डिग्री सेल्सिअस आहे आणि थर्मामीटर लागोपाठ ३८.१, ३८.१, ३८.२ दाखवतोय, तर तो प्रिसाइज आहे पण ॲक्युरेट नाही. दुसरा थर्मामीटर ३८.६, ३९.४, ३८.९, ३९.१ असं दाखवतोय, त्याचे आकडे विखुरलेत, पण सरासरी काढली तर बरोब्बर ३९.० येते. मला पहिला जास्त घातक वाटतो, कारण तेच तेच उत्तर आलं की आपला विश्वास बसतो आणि सगळे आकडे एकाच बाजूला सरकलेले असल्यामुळे कितीही वेळा मोजून सरासरी काढा, चूक तिथेच राहते. (१९९४ च्या आयएसओ ५७२५ या स्टँडर्डमध्ये तर सरासरी खऱ्या किमतीजवळ असण्याला 'ट्रूनेस' असा वेगळा शब्द आहे, आणि ट्रूनेस व प्रिसिजन दोन्ही मिळून ॲक्युरसी. रोजच्या वापरात एवढं कुणी पाळत नाही.)

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे हबल टेलिस्कोप. १९९० मध्ये तो अवकाशात गेला आणि फोटो धूसर यायला लागले. त्याचा २.४ मीटरचा मुख्य आरसा घासूनपुसून इतका गुळगुळीत केला होता की त्या कामात खोट काढायला जागा नव्हती, फक्त आकारच चुकीचा होता! आरसा तपासायच्या उपकरणात एक भिंग १.३ मिलिमीटर सरकून बसलं होतं, त्यामुळे आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट झाला, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. पण गंमत पुढे आहे. चूक इतकी नेमकी होती की ती मोजता आली आणि तिच्या बरोब्बर उलटी दुरुस्ती बनवता आली, जी अंतराळवीरांनी डिसेंबर १९९३ मध्ये वर जाऊन बसवली. आरसा वेडावाकडा, कुठे खोल कुठे उंच असता तर हे एवढं सोपं गेलं नसतं.

प्रिसाइजचा आणखी एक अर्थ बारीक आकड्यांचा. पायची किंमत ३.१ सांगितली तर ती ॲक्युरेट आहे, फार प्रिसाइज नाही, ३.२७१८४६ सांगितली तर दिसायला एकदम प्रिसाइज, पण साफ चूक. दशांश चिन्हापुढे आकडे लांबवले की खरेपणा वाढल्यासारखा वाटतो आणि इथेच लोक फसतात. शरीराचं नॉर्मल तापमान ९८.६ फॅरनहाइट आपण पाठ केलेलं असतं, पण कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरने १८६८ मध्ये सरासरी म्हणून ३७ सेल्सिअस दिलं होतं, त्याचं फॅरनहाइट केल्यावर तो '.६' आला. माणसामाणसात आणि दिवसभरातसुद्धा तापमान यापेक्षा जास्त बदलतं.

मुळं दोघांची लॅटिन. ॲक्युरेटमध्ये 'क्यूरा' म्हणजे काळजी, तर प्रिसाइजमध्ये 'कापणं, छाटणं', म्हणजे डिसाइड आणि कन्साइज याच घरातले.

मराठीत लिहिताना मी ॲक्युरेटला 'अचूक' ठेवते आणि प्रिसाइजला 'नेमका' वापरते, मोजमापाचा विषय असेल तिथे मात्र 'नेमका' पुरत नाही, तिथे 'एकसारखी' किंवा 'जुळणारी' म्हणावं लागतं. म्हणून ॲक्युरेट ट्रान्सलेशन हे अचूक भाषांतर, प्रिसाइज इन्स्ट्रक्शन्स या नेमक्या सूचना, आणि 'टु बी प्रिसाइज' म्हणजे सरळ 'नेमकं सांगायचं तर'.