‘हा मरतच नाही’ म्हणे! घरातल्या कुंड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी इंदूरच्या वाचकांची पत्रं घेतली आहेत. बहुतेकांनी पहिलंच झाड घरात आणलं आहे आणि बहुतेकांची तक्रारही एकाच वळणाची आहे. ती पहिल्याच पत्रात आली आहे, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर.

प्रश्न : वास्तुशांतीला मैत्रिणीनं स्नेक प्लांट दिला. ‘हा मरतच नाही’ म्हणाली. रोज तुळशीला पाणी घालताना त्यालाही एक फुलपात्र घालत होते. दोन महिन्यांत मधलं पान हात लावताच निघून आलं. बुडाशी पिवळं, मऊ आणि घाण वास. वाचेल का? (सुदामानगर)

उत्तर : तुळस उन्हात, वाऱ्यावर असते आणि रोजचं पाणी रोज पिऊन टाकते. स्नेक प्लांट पानांत आणि मातीखालच्या जाड खोडात पाणी साठवून ठेवतो. घरातल्या सावलीत त्याचं फुलपात्रभर पाणी संपायला आठवडा लागतो. रोज घातलं की मातीतली हवेची जागा पाण्यानं भरते, मुळं गुदमरतात आणि मग बुरशी त्यांना कुजवते. पान पिवळं पडतं तेव्हा ‘तहान लागली असेल’ म्हणून आणखी पाणी घातलं जातं, आणि उरलंसुरलं झाडही जातं.

आधी काय शिल्लक आहे ते बघा. कुंडी आडवी करून बाजूंना थापट्या मारा आणि झाड मातीसकट बाहेर काढा. माती नळाखाली हलकेच धुऊन टाका. एकेक मूळ दोन बोटांत धरून ओढा. चांगलं मूळ घट्ट लागतं, तुटताना टचकन तुटतं. कुजलेल्याची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसता दोरा राहतो. असं प्रत्येक मूळ कात्रीनं कापा. मातीखालचं जाड खोड जिथे मऊ असेल तिथे आतला भाग स्वच्छ आणि टणक दिसेपर्यंत कापत जा. कात्री दर वेळी स्पिरिटनं पुसा. कापलेल्या जागी हळद लावायची तर लावा, पण खरा उपाय म्हणजे झाड कागदावर सावलीत दोन-तीन दिवस तसंच पडू देणं, म्हणजे जखमा कोरड्या होतात.

तळ पूर्ण गेला असेल तर टणक पानाचे तीन-चार इंची तुकडे करा, दोन-तीन दिवस सुकवा आणि खालची बाजू खालीच ठेवून इंचभर खोचा. उलटा खोचलेला तुकडा रुजत नाही, म्हणून कापतानाच खालच्या टोकाला तिरका काप द्या. मुळं फुटायला दीड-दोन महिने आणि नवं पान यायला त्याहून बराच वेळ लागतो. पिवळ्या काठाची जात असेल तर पानापासून होणारी रोपं साध्या हिरव्या पानांची निघतात, काठ येत नाही. तो हवा असेल तर खोडाचा तुकडा वाचवावा लागेल.

आता माती. आपली माळव्याची काळी माती शेताला सोनं, कुंडीत मात्र संकट. ओली झाली की फुगते आणि चिकटून बसते. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ थाळीत येतं आणि मातीचा गड्डा आतून कोरडाच राहतो. सहा इंची कुंडीला साधारण दोन लिटर मिश्रण लागतं. चहाच्या मोठ्या मगानं (200 मिली) मोजून 4 मग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 4 मग जाड वाळू आणि 2 मग गांडूळखत घ्या. बांधकामाची वाळू गव्हाच्या चाळणीतून चाळा आणि वर राहील ती घ्या. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. कोकोपीटची वीटही भिजवून एकदा पिळून ते पाणी फेकावं, त्यात पुष्कळदा क्षार असतात.

तळाला खडे घालू नका. त्यानं निचरा सुधारतो हा पक्का गैरसमज आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात तेव्हाच उतरतं, जेव्हा माती पुरती चिंब होते. म्हणजे ओल खड्यांच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन थांबते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. त्यानंतर खराट्याची काडी तळापर्यंत खोचून दोन मिनिटांनी काढायची. माती चिकटून आली तर पुढच्या आठवड्यात बघायचं. कोरडी आली तर भोकातून वाहेपर्यंत पाणी घालायचं आणि अर्ध्या तासानं थाळी रिकामी करायची. उन्हाळ्यात हे साधारण दहा दिवसांनी येतं, डिसेंबर-जानेवारीत महिन्यातून एकदा. झेडझेड प्लांटलाही हाच हिशोब लावा, त्याच्या तळाशी बटाट्यासारखे पाणी धरणारे कंद असतात.

प्रश्न : फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या दक्षिण आणि पश्चिमेला. नर्सरीवाले भैया प्रत्येक झाडाला ‘इनडोअर है, कहीं भी रख दो’ म्हणतात. कुठे काय ठेवू? (विजयनगर)

उत्तर : इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं खाली, सुमारे 22.7 अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा ऊन आत येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही 44 अंशांवरच असतो आणि ऊन खोलीत लांबवर शिरतं. दक्षिणेची खिडकी म्हणूनच सगळ्यात सोयीची: रबर प्लांट, स्नेक प्लांट, मनी प्लांट तिथे बाराही महिने राहतील. पश्चिमेचं मात्र एप्रिल-मेमधलं तीन ते सहाचं ऊन पानं भाजतं, तपकिरी कोरडे डाग पडतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. तिथे पातळ पडदा लावा किंवा कुंडी चार-पाच फूट आत घ्या. काचेला पान टेकू देऊ नका.

शंका असेल तर दुपारी बारा वाजता जागेवर पांढरा कागद ठेवा आणि फूटभर वर हात धरा. सावलीची बोटं मोजता आली तर उजेड भरपूर. पुसट पंजा दिसला तर मनी प्लांट, ॲग्लोनेमा, सिंगोनियम. सावली जेमतेम जाणवली तर झेडझेड किंवा स्नेक प्लांट तग धरतील, वाढीची अपेक्षा नको. सावलीच पडत नसेल, जसं बिनखिडकीचं बाथरूम, तर तिथे 12 वॅटचा पांढरा एलईडी फूट-दीड फुटावर रोज दहा-बारा तास लावा किंवा प्लास्टिकचं झाड आणा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो म्हणतात. शेजारच्या काकूंकडून मागून आणला, तर बाटलीत नुसता उभा आहे! (रामबाग)

उत्तर : काकूंची परवानगी नडलेली नाही. पानाच्या देठाशी खोडावर जी गाठ असते, मूळ तिथूनच फुटतं. तुकड्याला गाठ नसेल तर तो महिनोन्‌महिने हिरवा राहील, वाढणार नाही. गाठ पाण्यात आणि पान बाहेर असं ठेवा. पाणी आठवड्यातून एकदा बदला. बाटली रंगीत घ्या किंवा कागद गुंडाळा, काचेतून उजेड गेला की शेवाळ धरतं. मुळं दोन-तीन इंच झाली आणि तरी वाढ नसेल तर पाण्यात खाद्य नाही हे कारण. 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला चिमूटभर, महिन्यातून एकदा, किंवा सरळ कुंडीत हलवा.

प्रश्न : स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी होतात. पाणी वेळेवर आहे, घरात बोअरिंगचं येतं. (महालक्ष्मीनगर)

उत्तर : बोअरिंगमुळेच. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसत असतील, ते क्षार. पाणी पानांतून उडून जातं आणि क्षार टोकाशी साचत राहतात. नर्मदेच्या नळाचं पाणी मिळालं तर ते भरून रात्रभर उघडं ठेवा आणि वापरा. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी बादलीत धरून ठेवलं तर उत्तम. महिन्यातून एकदा कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू वरून सोडा, क्षार धुऊन निघतात. तपकिरी टोक कात्रीनं कापताना हिरव्याला न लागता कापा, हिरव्यात गेलात तर नवी कडाही वाळते.

प्रश्न : घरात रांगणारं बाळ आणि मांजर, दोन्ही पानं तोंडात घालतात. कोणती झाडं नकोत? (लोकमान्यनगर)

उत्तर : अळूची भाजी चिंच न घालता केली की घसा का खवखवतो? पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मनी प्लांट, झेडझेड, सिंगोनियम, ॲग्लोनेमा, पीस लिली आणि डाइफेनबेकिया ही सगळी अळूच्याच कुळातली, आणि ही आपण शिजवत नाही. चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ आणि जीभ सुजतात. डाइफेनबेकिया यातला सगळ्यात जहाल, बाळ असलेल्या घरात तो नकोच. बाकीची उंच टांगा, पण मनी प्लांटची वेल खाली लोंबते हे लक्षात ठेवा. स्नेक प्लांटनं उलट्या-जुलाब होऊ शकतात.

चावलंच तर तोंडातला तुकडा काढा, ओल्या फडक्यानं तोंड पुसा, थंड पाणी किंवा दूध थोडं थोडं पाजा. उलटी करवू नका. गिळायला किंवा श्वासाला त्रास वाटला तर लगेच दवाखाना, आणि सोबत पान न्या. मांजरासाठी पशुवैद्याला फोन करा.

निर्धास्त ठेवावीत अशी: स्पायडर प्लांट, अरेका पाम, पेपरोमिया. स्पायडर प्लांट मांजरांना फार आवडतो, विषारी नाही, पण पोटभर खाल्ला तर ती ओकते.

प्रश्न : स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतो आणि हवा शुद्ध करतो, म्हणून बेडरूममध्ये चार ठेवले. बरोबर ना? (अन्नपूर्णा रोड)

उत्तर : दिसतात छान, तेवढं बरोबर. हे झाड रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं हे खरं. ऑक्सिजन मात्र उजेडातच तयार होतो. हवा शुद्ध होण्याची गोष्ट नासाच्या 1989 च्या अभ्यासावरून पसरली. तो लहान, बंद पेट्यांमधला होता. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा प्रयोगांचे आकडे खऱ्या घरांना लावून पाहिले. इमारतीत येणाऱ्या-जाणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. दहा बाय बाराच्या खोलीत कमीत कमी शंभराच्या वर कुंड्या, मग पलंग कुठे ठेवणार? खिडकी उघडा.

प्रश्न : पावसाळा सुरू झाल्यापासून कुंड्यांतून बारीक काळ्या माश्या उडतात. उरलेला चहाही घालत असतो, चांगलं खत म्हणून. (राजेंद्रनगर)

उत्तर : दूध-साखरेचा चहा आधी बंद. त्यावर बुरशी येते आणि या माश्यांच्या अळ्या तीच खातात. मुंग्या वेगळ्याच. चोथा घालायचाच तर धुऊन, वाळवून, महिन्यातून चमचाभर.

अळ्या आहेत का हे बघायला बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा. तीन दिवसांनी उलटी केली की काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या दिसतील. त्या वरच्या इंच-दोन इंच ओल्या मातीतच राहतात, म्हणून तो थर पूर्ण वाळेपर्यंत पाणी नाही. मग कुंडी थाळीतल्या पाण्यात अर्धा तास ठेवून खालूनच पाणी द्या. वर सेंटिमीटरभर कोरडी वाळू पसरा आणि शेजारी पिवळे चिकट कागद उभे करा. उडणाऱ्या माश्या आठवड्यात कमी झालेल्या दिसतील आणि हात ढिला पडेल, तिथेच चूक होते. अंडं ते माशी हा फेरा तीन-चार आठवड्यांचा आहे, तितके दिवस हे चालू ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात वीस दिवस कोकणात जाणार. किल्ली कोणाकडे देणार नाही. (सुखलिया)

उत्तर : स्नेक प्लांट आणि झेडझेडला जायच्या दिवशी भरपूर पाणी घाला, थाळी रिकामी करा, खिडकीपासून दूर ठेवा आणि जा. मनी प्लांट आणि स्पायडर प्लांटसाठी पायजम्याची सुती नाडी लागेल. नवी असेल तर साबणानं धुऊन घ्या, कोऱ्या नाडीची खळ पाणी धरू देत नाही. ओली करून एक टोक मातीत तीन इंच खोचा, दुसरं पाण्याच्या बाटलीच्या तळाला टेकवा. बाटलीचं तोंड कुंडीच्या काठाच्या पातळीत असू द्या. बाटली फार खाली असली तर पाणी चढत नाही, उंच ठेवली तर दोन दिवसांत सगळं कुंडीत उतरतं.

हे निघायच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी मांडा. बाटलीवर पेनानं पाण्याची पातळी आखा, चार दिवसांत किती उतरलं ते मोजा आणि पाचपट पाणी ठेवा. कुंड्या एकमेकींना चिकटवून, पडदा ओढून ठेवल्या तर आणखी कमी लागतं. आल्यावर दोन-चार खालची पानं पिवळी दिसतील. ती काढून टाका, आणि त्या आनंदात लगेच खत घालू नका. नवं पान दिसलं की मग.